धसईचा बाजार केलेला क्राउन

बसमध्ये चढल्यावर माणसं खिडकीची जागा शोधतात. माझी आत्या मागच्या चाकावरची सीट शोधायची. तिथं पाय धड ठेवता येत नाहीत आणि खड्डा आला की कंबर हलते, म्हणून ती सीट बहुतेक वेळा रिकामीच असायची. आत्या तिच्यावर ऐटीत बसायची, पदर कानामागे खोचायची आणि डोळे मिटून घ्यायची. शेजारणीला वाटायचं, बाई झोपली. पण आत्या गाडीत कधीच झोपली नाही. शहापूरहून नाशिकला जा नाहीतर मुरबाडला, ती सीटखाली फिरणारा गिअर ऐकत असायची. एकदा आम्ही वऱ्हाडाच्या खाजगी बसने निघालो होतो. सगळे गाणी म्हणत होते आणि ही मधेच उठून ड्रायव्हरजवळ गेली. "भाऊ, मागं रडतंय. तेल बघ, नायतर नवरी हळद सुकेपर्यंत रस्त्यात बसंल." ड्रायव्हर चिडला, पण पुढच्या ढाब्यावर गुपचूप गाडीखाली शिरला आणि तेल टाकून आला. नवरी माझी सख्खी बहीण होती आणि मुहूर्त गाठला गेला, म्हणून आमच्या घरात ही गोष्ट अजून सांगतात.

आत्याचं गॅरेज होतं. शहापूरच्या हायवेला, आसनगावच्या बाजूला, पत्र्याची शेड. तिथं इंजिनाचं काम होत नसे, ब्रेकचं नाही, पंक्चरचंही नाही. फक्त डिफरन्शियल. ट्रकच्या मागे उभं राहिलात तर दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा मोठा भोपळा दिसतो, तो हा. त्याला आमच्याकडे हौसिंग म्हणतात. त्याच्या पोटात एक मोठं दातेरी चक्र असतं, ते क्राउन, आणि क्राउनच्या आत लहान लहान चक्रं असतात, त्यांना स्टार म्हणतात. इंजिनाचा जोर क्राउनवर येतो आणि स्टार तो दोन्ही चाकांना वाटून देतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी; दोघांना आपापल्या चालीने फिरू देणं हे स्टारचं काम. एवढं कळलं की आत्याचं निम्मं आयुष्य कळलं.

हे काम मुळात आतोबांचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं. लग्न होऊन आल्यावर आत्या आधी त्यांना दिवा धरायची. मग आतोबांच्या नजरेला दातांवरचा डाग दिसेना, तेव्हा डाग तीच बघू लागली. क्राउनच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, चक्र हातानं फिरवायचं आणि शेंदूर कुठं पुसला गेला ते बघायचं. दाताच्या बरोबर मधे पुसला गेला तर गिअर नीट बसला. कडेला पुसला गेला तर खोला, गिअरमागची पातळ पत्री बदला, पुन्हा लावा. हा शेंदूर आत्या बाजारपेठेतल्या पूजेच्या दुकानातून आणायची. आम्ही बौद्ध, आमच्या घरात शेंदराचं काही काम नाही, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक. तो दर वेळी विचारायचा, "आत्या, आज कुठल्या देवाला?" आत्या म्हणायची, "लोकंडाच्या. लगेच दात दाखवतो, वाट बगावी लागत नाय."

आणि दिमाख तर विचारू नका. कामाला हात घालण्याआधी ती बांगड्या काढून पान्यांच्या फळीवर अडकवायची, सर्वांत लहान पान्याच्या खिळ्यावर. तो लहान पाना मग दिवसभर तिच्या कमरेला असे. काम झालं की रॉकेलने हात धुऊन, साबण लावून, बांगड्या चढवून ती शेडच्या दारात उभी राहायची आणि ट्रक हायवेला लागून नजरेआड होईपर्यंत हलायची नाही. "माजा हाय तो," असं जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची. ट्रक मालकाचा असला तरी आतला क्राउन तिचाच.

तिचा एक नेम मात्र गिऱ्हाइकांना फार जड जायचा. बसवलेला गिअर ती त्याच दिवशी देत नसे. नवा क्राउन म्हणजे तिच्या लेखी जुवाला न लागलेला बैल. त्याला आधी हलकं वजन घालून, सावकाश, चढउताराच्या रस्त्याने फिरवून आणायचा, मधेमधे थांबून गार करायचा, मग तेल सोडून बघायचं. तो रस्ता तिने ठरवून टाकला होता, शहापूरहून मुरबाड आणि पुढे धसई. धसईला बाजार भरतो, तांदूळ आणि भाजीपाल्याची ने-आण असते, त्यामुळे वजन फुकटात मिळायचं आणि गावकऱ्यांना फुकटात गाडी. कोणी कुरकुर केली की आत्या एकच वाक्य सांगायची, "धसईचा बाजार केल्याबिगर गिअर माज्या दारातून जात नाय." ट्रक घेऊन जाणारा मी. नोकरी मिळेपर्यंत तिच्याकडे काम करीन म्हणून आलो होतो, तो तिथलाच झालो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला आतोबा गेले, आणि महिना-दोन महिन्यांत हायवेची चाल बदलली. कसाऱ्याचा घाट उतरून कण्हत येणारे ट्रक आमच्या शेडसमोर हळू व्हायचे आणि पुन्हा वेग घेऊन भिवंडीकडे निघून जायचे. आतोबांच्या हयातीतही डाग आत्याच बघत होती, पण ते कोणाला माहीत नव्हतं. बाळू ड्रायव्हर म्हणून एक जुना माणूस होता, इगतपुरीचा, आत्याच्या हातचा चहा वर्षानुवर्षं प्यायलेला. तो खाली मान घालून म्हणाला, "आत्या, राग नको मानू. घाटात पाठीमागं वीस पोरांची बस असती. बाईच्या हातचा क्राउन तुटला तर मी कोनाला तोंड दाकवू?" आत्याने त्याला चहा दिला. माझे वडील खर्डीहून आले. ते तिचे थोरले भाऊ, मुंबईला नोकरीला. म्हणाले, "सिंधे, शेड देऊन टाक भाड्याने. आमच्यात येऊन राहा, तुला काय कमी हाय?" त्यावर आत्या म्हणाली, "दादा, मला कायच कमी नाय. कामाला गिऱ्हाईक तेवढं कमी हाय."

अशातच एक दिवस एका ट्रकने दोर बांधून देसाईसाहेबांची गाडी आमच्या दारात आणून सोडली. तशी गाडी मी पहिल्यांदाच बघत होतो. लाल, विलायती, दोन सीटांची, टप नाही, आणि इतकी खुजी की बसल्यावर हात बाहेर काढला तर डांबराला लागेल. देसाईसाहेब मुंबईचे, तरुण, हौशी आणि स्वभावाने सरळ. मुंबईचा एक क्लब हिवाळ्यात माळशेज घाटात शर्यत घ्यायचा. टोकावड्यापासून वर बोगद्यापर्यंत, रस्ता बंद ठेवून, एकामागून एक गाडी सोडायची, प्रत्येकाच्या तीन चढाया. साहेब आधी दोनदा उतरले होते आणि दोन्ही वेळा डिफरन्शियल फोडून ट्रकमागून परत आले होते. या वेळी तर सराव करतानाच कसाऱ्याला क्राउन तुटला. त्यांच्याकडे परदेशातून मागवलेला क्राउन-स्टारचा एक शेवटचा नवा सेट होता. "हा बसवून मिळेल का? शर्यत संपेपर्यंत टिकला तरी पुष्कळ," ते म्हणाले.

आत्या बांगड्या काढत म्हणाली, "टिकंल. आनि टिकला का नाय ते मी चारचौघात उगडून दाकवीन."

मी मधे पडलो. सांगितलं की ट्रकची गोष्ट वेगळी. आत्याने फुटलेला जुना क्राउन माझ्या हातात दिला. "बघ. झिजलाय का? नाय. तुटलाय. ट्रकवाला वजन नेतो, शर्यतवाला झटका नेतो. वजनानं दात झिजतो, झटक्यानं तुटतो." तिने मला स्टार दाखवले, ते निळे पडले होते. वळणावर गाडी कलते, आतलं चाक हलकं होऊन जागच्या जागी भिरभिरतं, सगळा वेग बिचाऱ्या स्टारवर येतो आणि तेल जळतं. मग तेच चाक रस्त्याला टेकतं, आणि झटका थेट दाताला बसतो. ऐकताना वाटलं, तीही त्या घाटातून त्या गाडीत बसून गेली असावी.

तिने आसनगावच्या लेथवाल्याकडून स्टारच्या मागे घालायला काशाचे वायसर करून घेतले, आणि त्यांना तेल खेळावं म्हणून कानशीने बारीक चऱ्या पाडल्या. हौसिंगला वाफ सोडणारी नळी लांबवली, म्हणजे तापलेलं तेल फेसाळून बाहेर पडणार नाही. शेंदूर लावून डाग बघण्यात तर तिने मला इतकं जेरीला आणलं की शेवटी मला जेवणाच्या ताटातही दात दिसायला लागले. पत्री घाल, पत्री काढ. डाग मधे येऊनही ती म्हणायची, "परत." मग एका दुपारी "परत" न म्हणता तिने हात धुवायला घेतले, तेव्हा समजलो.

"आता धसईला ने," ती म्हणाली.

त्या गाडीत पोती ठेवायला जागा नव्हती. एक तांदळाचं पोतं शेजारच्या सीटवर बसवलं, त्याला पट्टा लावला, आणि मागच्या डिकीत दुधी भोपळे. मुरबाडच्या नाक्यावर पोरं गाडीमागे धावली. धसईच्या बाजारात तर माणसांनी भाजी सोडून गाडीला वेढा घातला. परत निघताना एक आजी, बगलेत कोंबडी आणि डोक्यावर सुकटीचं गाठोडं, सरळ येऊन दार उघडायला लागली. "मुरबाडला सोडतंस ना रे? किती घेशील?" तिला वाटलं, ही नवीन जीप. मी म्हटलं, "बस गो आजी, पैसं नको. निसतं वजन दे." ती पायाशी सुकट ठेवून, कोंबडी मांडीवर घेऊन मुरबाडपर्यंत आली आणि उतरताना म्हणाली की गाडी बरी आहे, पण छप्पर घालून घे. असे मी बरेच बाजार केले. दर खेपेला आत्या तेल परातीत सोडायची आणि उन्हात धरून बघायची. पहिल्या तेलात लोखंडाच्या कणांची बारीक चमक होती, नंतर कमी झाली, मग तेल घातलं तसंच बाहेर आलं.

देसाईसाहेब गाडी न्यायला आले, आत बसले आणि नाक मुरडलं. "हा वास कसला?" मी आत्याकडे बघितलं, आत्या पत्र्याकडे. शेवटी सगळं सांगावं लागलं. साहेब क्षणभर लाल झाले, आणि मग असे हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. आत्या मात्र गंभीर होती. ती म्हणाली, "साहेब, गाडी तुमी चालवा. पन बाजूला आमचा सुन्या बसंल. त्याचा हात मागच्या पत्र्यावर राहील. तो पाय म्हनला की पाय उचलायचा. आतलं चाक हलकं झालं का पाय हलका. शर्यत माजी नाय, क्राउन माजा हाय." सुन्या म्हणजे मी; शर्यतीत दुसरा माणूस बसवायची सवलत होतीच. साहेबांनी मान्य केलं.

शर्यतीच्या दिवशी वडीलही सोबत होते; ते आदल्या दिवशीच खर्डीहून आले होते. आदल्या संध्याकाळी त्यांच्यासमोर आत्या म्हणाली होती, "दादा, उद्या तुटला तर शेडची चावी तुज्या हातात देतं." त्यामुळे वडिलांना नेमकं काय व्हावंसं वाटत होतं, ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. टोकावड्याला रस्ता अडवलेला, आणि अडवलेल्या रस्त्यावर ट्रकांची ही मोठी रांग. रस्ता सुटेपर्यंत ड्रायव्हर लोकांना दुसरा धंदा नाही, ते सगळे शर्यत बघायला पुढे आलेले. त्यांत बाळू ड्रायव्हरही होता. आत्या तेलाचा डबा उपडा घालून त्यावर बसली, आणि ड्रायव्हर तिच्याकडे बघतायत हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

पहिली चढाई नीट गेली. दुसऱ्या चढाईला एक काळी गाडी वळणावर आडवी उभी दिसली. तिच्या खालून डबड्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला होता, असं तिथला झेंडेवाला म्हणाला. खाली येऊन कळलं, आणखी एका गाडीचं हौसिंग तापून तेल ओकलं होतं. तिसऱ्या चढाईला साहेबांच्या अंगात आलं. वेळ चांगली लागत होती, पहिला नंबर दिसायला लागला होता. घाटाच्या मधल्या त्या सगळ्यांत अरुंद वळणावर गाडी कलली आणि माझ्या तळहाताखालचा पत्रा थरथरायला लागला. आतलं चाक सुटलं होतं. मी ओरडलो, "साहेब, पाय!" साहेबांनी दात खाल्ले. मला वाटलं, हा माणूस आता ऐकत नाही, आणि शेडची चावी डोळ्यांसमोर आली. पण त्यांनी पाय उचलला. इंजिनाचा आवाज खाली आला, चाक रस्त्याला अलगद टेकलं, थरथर थांबली, आणि मगच त्यांनी पुन्हा दाबलं. पुढच्या प्रत्येक वळणाला मी पाय म्हणालो आणि त्यांनी पाय उचलला. आम्ही तिसरे आलो.

गाडी खाली आली तेव्हा आत्याने कितवा नंबर ते विचारलंच नाही. तांब्यातलं पाणी बोटांनी हौसिंगवर शिंपडलं, तवा तापला का बघतात तसं. पाणी फार चुरचुरलं नाही. "चा प्या," ती सगळ्यांना म्हणाली, "गार हू दे. मंग उगडतं." साहेबांनी विचारलं, आता कशाला, शर्यत तर संपली. आत्या म्हणाली, "तुमची संपली."

तिने रस्त्याच्या कडेला धुतलेलं पांढरं लुगडं अंथरलं, जॅक लावला, तेल परातीत सोडलं. ड्रायव्हर लोक वर्तुळ करून उभे राहिले, मुंबईचे क्लबवालेही पेले हातात घेऊन आले. आत्याने मला हातही लावू दिला नाही. क्राउन काढला, पुसला आणि त्या लुगड्यावर मधोमध ठेवला. एकेका दातावर मधेच, अगदी मधे, घासल्याची चकाकी होती. एकाचीही कड उडाली नव्हती. स्टार कुठंही निळे पडले नव्हते. बाळू ड्रायव्हर उकिडवा बसला, परातीतल्या तेलात दोन बोटं बुडवली आणि अंगठ्यावर बराच वेळ घासत राहिला. कण लागतो का बघत होता. नव्हता लागत. तो उठला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "आत्या, माजं हौसिंग लय दिस कन्हतंय. आनू का?"

"आन," आत्या म्हणाली. "पन धसईचा बाजार करावा लागंल."

सगळे हसले. माझे वडील हसले नाहीत, ते लुगड्याच्या कडेला उभे होते. घरी जाताना ते मला म्हणाले, "बघितलंस माज्या बहिणीला?" आयुष्यात त्यांनी कोणाबद्दल एवढ्या अभिमानाने बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माझीही छाती भरून आली होती, ती आजवर तशीच आहे.

त्यानंतर शेडसमोर ट्रक थांबत गेले ते थांबतच गेले. धुळ्याचे, मालेगावचे, कुठकुठले ड्रायव्हर "जयभीम आत्या" म्हणत दारात उतरायचे, आणि धसईच्या लोकांना भाजी न्यायला ट्रक कमी पडेनासे झाले. देसाईसाहेब दर हिवाळ्यात गाडी आणायचे आणि पहिल्यांदा गाडीत नाक खुपसून सुकटीचा वास राहिलाय का ते बघायचे. पण शेवटचा डाग मात्र आत्या माझ्यावर सोडत नव्हती. मी वर्षानुवर्षं खोललं, धुतलं, बसवलं, शेंदूर लावला. डाग बघायची वेळ आली की ती मला कोपराने बाजूला सारायची. मी रागावलो की म्हणायची, "तुजा हात बसायचाय अजून." कधी बसणार, ते सांगायची नाही. चांगलं म्हणणं तर तिच्या तोंडात नव्हतंच, निदान माझ्यासाठी.

पुढे तिच्याही नजरेला डाग दिसेनासा झाला. ते तिने कबूल केलं नाही, फक्त एक दिवस बांगड्या काढल्याच नाहीत. मी बसवलेल्या गिअरवरून ती बोट फिरवायची आणि न बोलता दारात जाऊन उभी राहायची. ट्रक नजरेआड होईपर्यंत उभी राहायचीच, पण आता "माजा हाय तो" म्हणत नसे. ते मला लागायचं. वाटायचं, हिला माझं काम पसंत नाही आणि सांगवतही नाही.

दोन हजार सालानंतर बऱ्याच वर्षांनी ती आजारी पडली. त्या दुखण्यातून ती उठली नाही, काही आठवड्यांत गेली. तिला कल्याणच्या दवाखान्यात न्यायचं होतं, तेव्हा मी माझी जीप काढली. मागच्या बाकावर गोधडी घालून तिला आडवं केलं. जीपचा क्राउन मी नुकताच बदलला होता. सकाळची वेळ, हायवे मोकळा. आसनगाव मागे पडलं, वाशिंद आलं, तरी मागून आवाज नाही. आरशात बघितलं तर आत्या कुशीवर वळली होती, कान बाकाच्या फळीला लावून, डोळे मिटून. मी गाडी उगाच हळू केली, मग थोडी दाबली, पुन्हा सोडली. दोन्ही चालींत गिअर कसा बोलतो ते तिला ऐकू जावं म्हणून.

"कोनी बसवला रे?" तिने विचारलं.

"मीच, आत्या."

"धसईला नेला व्हता?"

"नेला होता ना. बाजार करून आणला."

पुढे ती काहीच बोलली नाही. मी वाट बघत राहिलो. पडघा गेलं, तरी मी वाट बघत होतो. बोलली असती तर दोन शब्द, बरा हाय एवढेच, पण तेवढेही मला हवे होते. कल्याणला दवाखान्याच्या दारात गाडी थांबवून मी मागे गेलो आणि म्हटलं, "आत्या, आलो." ती हलली नाही. मी खाली वाकलो. तिचा श्वास संथ चालला होता. तोंड किंचित उघडं होतं आणि पदर कानावरून सरकला होता. कुठल्याही गाडीत डोळ्याला डोळा न लावणारी माझी आत्या गाढ झोपली होती. तिला हलवून उठवावं लागलं.